उत्तरं नसलेली सराव पुस्तिका

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहायला बसले आहे. आज औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात उभी असताना तुमची इतकी आठवण आली की दुकानदार काय म्हणतोय तेही मला ऐकू येईना. माझी मुलगी तिसरीत आहे. परवा शाळेत पालकसभा होती. तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "वाचते अगदी खडाखडा, पण वाचलेलं आत शिरत नाही. आकलनाची एखादी सराव पुस्तिका आणा." मी शहाण्यासारखी मान डोलावली. पोरीला खरंच काही कळत नसेल तर? दोन दिवस तेवढं एकच डोक्यात होतं.

दुकानदाराने पुस्तिकांचा ढीगच समोर घातला. कुणावर ससा, कुणावर रॉकेट, आणि सगळ्यांवर हसणारी मुलं. "मॅडम, ये वाली लई चालते. मागं सगळी उत्तरं हैत," तो म्हणाला. मी त्यातला एक उतारा सोबत आलेल्या लेकीपुढे धरला. तिने आधी प्रश्न वाचले, मग उताऱ्यावरून बोट फिरवलं आणि पटापट सगळी उत्तरं दिली. एकही चुकलं नाही! दुकानदाराने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी लेकीला विचारलं, "कशाबद्दल होता गं उतारा?" ती म्हणाली, "ते नव्हतं विचारलेलं." शिकवणीत तिला सांगितलंय म्हणे, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची. मला हसावं की रडावं कळेना, कारण खुलताबादच्या शाळेत चौथीत आम्ही सगळी हेच करत होतो. तेव्हा तुम्ही माझी वही बघून म्हणाला होतात, "ही हमाली झाली, पोरी. ओझं हिकडून उचलून तिकडं टाकलंस. पोत्यात काय व्हतं, ते तरी बघितलंस का?"

त्यानंतरचा तो तास मला अजून लख्ख दिसतो. तुम्ही आम्हाला पुस्तकं दप्तरात ठेवायला लावता आणि फळ्यावर एकच वाक्य लिहिता. 'आईने दारातल्या चपला पाहिल्या आणि चुलीवरच्या डाळीत तांब्याभर पाणी ओतलं.' मग हात झटकत विचारता, "घरी काय झालं?" आम्ही फळा पुन्हा पुन्हा वाचतो. मागून एक जण कुरकुरतो, "बाई, ते लिहिलेलंच नाय." तुम्ही म्हणता, "लिहिलेलं असतं तर कशाला इचारलं असतं?" आणि मग माझ्याच तोंडून निघतं, "पाव्हणे आले!" सगळा वर्ग फळ्याकडे बघतो, मीसुद्धा. फळ्यावर पाहुण्यांचं नावही नाही, तरी ते आलेले आहेत, जेवायला थांबणार आहेत, आणि घरात डाळ बेताचीच आहे. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. "आईला राग आला का?" म्हणून विचारलंत. त्यावर वर्गात भांडणं जुंपली. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली, "नाय बाई. राग आला असता तर पाणी कशाला वाढवलं असतं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. एका ओळीत एवढं घर मावतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पुढे कितीतरी वाचलं, पण ते नवल काही ओसरलं नाही.

तर आज मी दुकानात ठिय्या मारला आणि उताऱ्यात ज्याचं उत्तर सापडत नाही असा प्रश्न शोधत बसले. पुस्तिकेमागून पुस्तिका चाळली. शेवटी ढिगाच्या तळाशी एक सापडली. चित्रं यथातथाच, कागद पिवळट, पण प्रत्येक उताऱ्याखाली 'त्याला असं का वाटलं असेल?' असलं काहीतरी विचारलेलं आणि खाली कोरी जागा. "ती नका घेऊ," दुकानदार कळवळून म्हणाला, "तिच्यात मागं उत्तरंच नाहीत. लोक वापस आणून देतात." मी तीच घेतली.

रिक्षाची वाट बघताना मला राहवलं नाही. तुमचं ते डाळीचं वाक्य मी लेकीला सांगितलं आणि घरी काय झालं म्हणून विचारलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "डाळ घट्ट झाली असेल." आमच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आधी फोन करून येतात आणि चपला कपाटात जातात, तिला बिचारीला कुठून कळणार? एवढं समजत असूनही माझा धीर सुटला. "बरोबर आहे," मी हसून म्हणाले. ती हसली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू माझ्यामुळे घाबरलीयेस का?"

"असं का वाटलं तुला?"

"आपल्याला रस्ता ओलांडायचा नाहीये, तरी तू माझा हात केवढा घट्ट धरलायस."

बाई, नाकासमोरून दोन रिकाम्या रिक्षा गेल्या. मग मी तिला चक्क खोटं सांगितलं, "नाही गं, घाबरले-बिबरले काही नाही." तिला ते अजिबात पटलं नाही, आणि माझं खोटं पकडलं गेल्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.