दोन गाड्या आणि आईची मान

प्रिय दादा,

तू मागितलेली तुलना तयार आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक, दोन्ही मोठ्या गाड्या मी स्वतः टेप लावून मोजल्या. घडी केलेली व्हीलचेअर दोन्हींत बसते. हायब्रिडमध्ये तिचं एक चाक काढावं लागतं, कारण त्या गाडीची छोटी बॅटरी डिकीच्या तळाखाली आहे आणि त्यामुळे तळ वर आला आहे. इलेक्ट्रिकची डिकी खोल आहे, पण तिची बॅटरी पोटाखाली सगळीकडे पसरलेली, म्हणून मागच्या सीटपुढची जमीनच उंच. पाय मोकळे सोडून बसता येत नाही, गुडघे वर येतात. तुला-मला ते तासाभराने जाणवलं असतं. आईला बसल्या क्षणी जाणवलं.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती काठी घेऊन चालत होती. आता स्नायूंचा आजार पुढे गेला आहे, हात मांडीवरून उचलले जात नाहीत. घास मी किंवा बाबा भरवतो, रात्री तोंडावर मास्कचं मशीन असतं आणि दुपारीही आता थोडा वेळ लागतं. पुढचं डॉक्टरांनी तुलाही सांगितलं आहे: मास्क पुरेनासा झाला की गळ्याला छेद, नळी आणि श्वासाचं कायमचं मशीन. मशीन आलं की वीज जाऊन चालणार नाही, आणि आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते. म्हणून तू इलेक्ट्रिक गाडी शोधलीस, जिच्या सॉकेटवर घरातली उपकरणं चालतात. हिशेब मी तपासला. मशीन, हवेत ओलावा सोडणारं यंत्र आणि कफ ओढणारा पंप हे सगळं धरूनही गाडीची भरलेली बॅटरी तीन दिवस सहज पुरेल. तुझा आकडा बरोबर होता, फक्त बाबांनी तो ऐकून घेतला नाही.

बाबांचं हायब्रिडवर मन बसलं आहे. गाडी आहे का मोबाइल, रात्रभर भिंतीला टांगायला, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत आहेत. तुला ते फोनवर गमतीने सांगतात, म्हणून तुला तो म्हातारपणाचा हट्ट वाटतो. तू फोन ठेवल्यावर ते जे म्हणतात ते तू ऐकलेलं नाहीस. उंटावरून शेळ्या हाकतोय तुझा भाऊ, म्हणतात. वीज गेली, गाडीची वीज मशीनला दिली, आणि मग हिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय पाठीवर घालून नेऊ? हायब्रिडमध्ये निदान पेट्रोल भरून निघता तरी येतं. मी त्यांना समजावलं की तशी सोय असते. आपण ठरवून दिलेल्या टक्क्यावर गाडी घराला वीज देणं आपोआप थांबवते, पुढची वीज प्रवासाला राहते. म्हणजे हिचा श्वास कधी थांबवायचा ते गाडी ठरवणार का, असं त्यांनी विचारलं.

गेल्या आठवड्यात आम्ही आईला घेऊन दोन्ही गाड्या चालवून पाहायला गेलो. ती बसू शकते की नाही हे तिला बसवल्याशिवाय कळणार नव्हतं. शोरूममधला सेल्समन तरुण होता, बोलका होता आणि वाईट नव्हता. मावशी, काचेचं छत बघा, झोपल्या झोपल्या आकाश दिसतं, असं तो तिला म्हणाला. आई म्हणाली, झोपून छत बघायचाच कोर्स चालू आहे माझा. तो मोठ्याने हसला आणि मग आपण हसायला नको होतं असं वाटून लगबगीने किटली आणायला गेला. त्याने गाडीच्या सॉकेटला किटली लावून पाणी उकळून दाखवलं. बाबांनी विचारलं, किटली ठीक आहे, श्वासाचं मशीन चालेल का? सर, लॅपटॉपही चालतो, एवढंच तो म्हणाला.

बाबा चालवायला बसले, तो शेजारी, आम्ही दोघी मागे. ही एकाच पेडलवर चालते सर, पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि तेवढी वीज परत बॅटरीत जाते, असं तो कौतुकाने सांगत होता. बाबांनी पाय उचलला. आईची हनुवटी छातीवर आदळली. तिला ती परत वर उचलता येईना. मी कपाळाला हात लावून मान वर केली आणि पुढच्या वळणावर बाबांनी पुन्हा पाय उचलला. मागच्या वेळी दवाखान्यात नेलं तेव्हा तिची मान तोललेली राहत होती. ती ताकद गेली आहे हे आम्हा तिघांनाही त्या गाडीत कळलं. मंदावण्याचा जोर कमी करायची सोय असते, ती मी करायला लावली. फरक पडला, पण पुरेसा नाही. हायब्रिडमध्ये झटका कमी होता, पण होताच. मी सगळा रस्ता तिचं कपाळ तळहातावर धरून बसले. बाबा आरशातून बघत होते आणि गाडी इतकी हळू चालवत होते की मागचे लोक हॉर्न वाजवत होते. आई म्हणाली, त्या मुलाला वाटेल, म्हातारीला गाडी फारच पसंत पडली, सारखी मान डोलावतेय.

घरी आल्यावर बाबांनी डोकं धरून ठेवायच्या पट्ट्यांबद्दल चौकशी सुरू केली. तू रात्री फोनवर म्हणालास की सीटच बदलून घेऊ, तुमच्या तिकडे अशा सीट मिळतात. मी कोणत्या मापाच्या ते पाहायला लागले. दादा, आपण तिघं ताकाला जाऊन भांडं लपवतोय. गळ्याच्या छेदाबद्दल घरात कोणी अवाक्षर काढत नाही. सगळे बॅटरी, पेट्रोल आणि सीटबद्दल बोलतो. गाडी कोणती हे ठरलं की मशीन येणार हे आपोआप ठरल्यासारखं होतं. शस्त्रक्रियेची तारीखही बाबांनी अशीच, गाडी मिळायच्या तारखेला जोडून घेतली आहे. पुढच्या महिन्यात. आईला विचारून घेतली का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, यात विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. बाबा औषधं आणायला गेले होते. तिने माझ्या कामाबद्दल विचारलं, नेमकं काय करता तुम्ही त्या प्रयोगशाळेत? एवढ्या वर्षांत तिने ते कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, बॅटरीचे सेल पुन्हा पुन्हा भरतो आणि रिकामे करतो, क्षमता ठरावीक पातळीखाली गेली की त्या सेलचं आयुष्य संपलं असं धरतो. तेव्हा तो बंद पडलेला असतो का, तिने विचारलं. नाही, चालू असतो, पण ज्या कामासाठी बनवला त्या कामाचा उरत नाही. मग म्हणाली, आणि कुठे थांबायचं हे कोण ठरवतं? मी म्हटलं, चाचणी सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवलेलं असतं, नाहीतर माणसं मोह धरतात, अजून थोडं, अजून थोडं. ती म्हणाली, मग माझंही आधीच लिहून ठेव. गळ्याला भोक नको. गाडी तुम्हाला हवी ती घ्या, पण तिच्यात मला मोजू नका.

मी कंगवा फिरवत राहिले, कारण तिला मागे वळता येत नाही, आणि थांबले असते तर मलाच पुढे येऊन तिच्याकडे बघावं लागलं असतं. नंतर मी खात्री करून घेतली, जशी कामावर घेते, प्रश्न उलटसुलट करून. घाबरून म्हणतेस का? आमच्यावर भार नको म्हणून म्हणतेस का? ती चिडली. आयुष्यभर शेवटच्या बाकावरच्या पोरांना गप्प केलं, माझं मत मला कळत नाही का, म्हणाली. मास्क चालेल, औषधं चालतील, श्वास लागला तर त्रास कमी करायचं इंजेक्शन चालेल. डॉक्टरांशी मी बोलले. ते म्हणाले, नळी न घालताही, तिला त्रास होऊ न देता सांभाळता येतं, आणि निर्णय तिचाच आहे. पण घरात भांडण असेल तर ऐनवेळी कोणीतरी गाडीत घालून आणतं आणि मग नळी टाकली जाते.

ते कोणीतरी म्हणजे बाबा. मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला चहाचा कप काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, तू आकड्यांची माणूस, तुला काय कळणार. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आईने स्वतः सांगायला सुरुवात केली, की लगेच ते उठून तिची उशी नीट करतात, तिला पाणी पाजतात, आणि तोंडात पाणी असताना तिला बोलता येत नाही. त्यांना क्रूर समजू नकोस. रात्री मास्कचा पट्टा सैल झाला तर मला जाग यायच्या आत ते उठलेले असतात.

आता हे का लिहिलं ते. फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहिलं. ती तुलना मी पाठवत नाही आणि तूही आता विचारू नकोस. शोरूमला भरायची रक्कम पाठवू नकोस. रक्कम भरली की बाबांची तारीख पक्की होईल आणि मग ते कोणाचंच ऐकणार नाहीत. त्यांनी माझं ऐकलं नाही, आईचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, कारण तू थोरला आहेस आणि कारण त्यांना वाटतं की मशीनच्या बाबतीत तू त्यांच्या बाजूने आहेस. आईने तुझ्याकडे एवढंच मागितलं आहे, की तिच्या वतीने तू बाबांना नाही म्हणावंस. यायला जमलं तर लगेच ये. पण त्याआधी तिला फोन कर आणि हे माझ्याकडून नको, तिच्याकडून ऐक. सकाळी मास्क काढल्यावर तिचा आवाज सगळ्यात स्पष्ट असतो. बाबा तेव्हा अंघोळीला जातात, फोन मी धरेन. ती फार हळू बोलते, मध्ये थांबते. तिचे शब्द तू पुरे करू नकोस. तिला वाक्य संपवू दे.

तुझीच,
धाकटी