नाथानची गोष्ट आणि माझी सही

बाबा, गेल्या शनिवारी मी मुलांना नाथानची गोष्ट सांगितली. बंगळुरात व्हाइटफील्डमधल्या आमच्या सोसायटीत आपल्या बेने इस्राएल ज्यू लोकांची तीनच घरं. त्यांची पाच मुलं शब्बाथच्या दुपारी माझ्याकडे येतात. पडदे ओढले की खोलीतला उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा होतो आणि मला पेणची आपली ओसरी दिसू लागते. तुम्ही दवाखान्यातून मागून घेतलेली सुट्टी; तरी तुमच्या कंपाउंडरच्या हातांना कालच्या टिंक्चरचा वास आहेच. मी विचारते, "नाबी म्हणजे पुढचं सांगणारे प्रेषित ना?" तुम्ही म्हणता, "नाही गं. समोरचं सांगणारे."

त्याच ओसरीवर एकदा मी कोळणीच्या मुलीला माठातलं पाणी दिलं नव्हतं, तिच्या हातांना मासळीचा वास येतो म्हणून. तुम्ही रागावला नाहीत. संध्याकाळी गोष्ट सांगितलीत: दावीद राजाने दुसऱ्याची बायको बळकावली, तेव्हा नाथान नाबी त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, एका श्रीमंताने गरिबाचं एकुलतं कोकरू कापून पाहुण्याला वाढलं. राजा संतापला, कोण तो? नाथान म्हणाला, तूच. मी कोकरासाठी रडत होते. तुम्ही हळूच विचारलंत, "आज आपल्या दारातून तहानलेलं कोण गेलं?"

त्या शनिवारी मी तीच गोष्ट तुमच्याच आवाजात सांगत होते.  ती संपल्यावर सातव्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आंटी, कामवाल्यांनी मोठी लिफ्ट वापरायची नाही, त्या नोटिशीवर तुमची पण साइन आहे. सर्व्हिस लिफ्ट बंद आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या अक्का जिने चढून येतात. त्यांचा गुडघा सुजलाय." तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मीच इतकी सुंदर गोष्ट सांगितली होती आणि मीच ती सही केली होती, हे तिला जुळवता येत नव्हतं.

रविवारी सकाळी मी सेक्रेटरींकडे गेले. "मॅडम, बावीस सह्या आहेत, तुमची एक काढून काय होणार?" ते म्हणाले. मी माझं नाव खोडलं. नोटिशीचा कागद अजून तसाच लावलेला आहे. सोमवारी मी तळमजल्यावर त्या अक्कांची वाट पाहिली, त्यांना मोठ्या लिफ्टमध्ये बोलावलं. त्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या, कुठे हात लागू नये अशा. "गुडघा कसा आहे?" "स्वल्प दुखतो, अक्का," त्या मलाच अक्का म्हणाल्या; स्वल्प म्हणजे कानडीत थोडा. सातवा मजला आला, त्या उतरल्या. आता रोज साडेसातला मी खाली असते. कालपासून दुसऱ्या विंगमधली एक बाईही तिच्या मोलकरणीसोबत येते.

हे पत्र कुठे पाठवणार? पेणच्या कबरस्तानात पोस्टमन जात नाही. लिहून झालं की वहीतच राहील, म्हणून एवढंच आणखी लिहिते. सेक्रेटरींना मी सांगितलं की तो कागद न वाचताच सही केली होती. वाचला होता, बाबा. दोनदा.