सुपारी पडली तेव्हा

चि. वना,

अनेक आशीर्वाद. हे पत्र टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

मला दम लागायचा, तो दमा नव्हता. जळगावच्या डॉक्टरीणबाईंना सोनोग्राफीत हृदयाची भिंत जाड दिसली, म्हणून त्यांनी मला नाशिकला स्कॅनसाठी धाडलं. त्यात फक्त हाडं चमकायला हवीत. माझं हृदयही हाडांसारखंच चमकत होतं.

बाई म्हणाल्या, "हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. सुरुवातीला पुष्कळदा नुसत्या हातांना मुंग्या येतात. लवकर धरला तर थोपवता येतो, तुम्हाला उशीर झाला. भावाला तपासून घ्या."

मला तुझ्या लेकीची, दीपमालाची, सुपारी फोडली तो दिवस आठवला. सुपारी तुझ्या बधिर बोटांतून दोनदा पडली, आणि लेकीचा बाप घाबरला म्हणून सोयरे हसले.

तुझी वहिनी म्हणते, "आधी लग्न होऊ द्या. घराण्यात आजार शे कळलं तर सोयरे मागे फिरतील." मला ते पटलं, याचाच राग येतो.

काल तू फोनवर म्हणालास, "भाऊ, जिना चढता चढता दम लागस."

मी म्हणालो, "काही नही रे, लगननी दगदग शे."

तुझा भाऊ,
नवल