गुरुवारचा टेम्पो

धाराशिव
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. एस्तेर हिस,
सलोमीअक्काचे आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझ्या गळ्याचे टाके सुकले, असं तुझ्या अमोसरावांनी फोनवर सांगितलं. जीव भांड्यात पडला. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं, तेव्हा आता तुझ्याशी बोलायचं म्हणजे पत्रानंच. माझ्या बटनांच्या फोनवर तुझं लिहिलेलं येत न्हाय, आणि नवा फोन मला नको. बालवाडीत तीस वर्षं खडू धरला, पेन अजून धरता येतो.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी मला गायला उभं केलं. आजवर तू गायचीस आणि मी पेटी वाजवायची. आज दोन्ही माझ्याकडं. सूर चांगला लागला. दुसऱ्या कडव्याला बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला वाटलं, एकसष्टाव्या वर्षी का होईना, सलोमीचं गाणं कुणाच्या काळजाला भिडलं. बाहेर आल्यावर धुरपदाबाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, की सलोमे, तू गाताना एस्तेरची लई आठवण आली बघ. मी व्हय म्हटलं आणि चप्पल शोधायला लागले.

येत्या गुरुवारी आपल्या स्त्री-सभेतल्या चौदाजणी टेम्पो करून तेरला तुझ्याकडं येणार आहेत. शेंगदाण्याचे लाडू करतायत. तू आता पाळकसाहेबांपेक्षा मोठी झालीस, तुझ्या दर्शनाला टेम्पो निघतोय! माझा गुडघा दुखतो, म्हणून मी येत न्हाय. वाफ घेत जा, गळ्यावरचा रुमाल ओला ठेव.

माया आहे तेवढी असू दे.
तुझी,
सलोमीअक्का


तेर
शुक्रवार, ९ ऑगस्ट २०२४

ती. सलोमीअक्का हिस,
एस्तेरचा सा. सलाम. वि. वि.

काल त्या आल्या. आमच्या दवाखान्याच्या क्वार्टरची खोली केवढी, तुला ठाऊक आहे. चौदाजणी मांडीला मांडी लावून बसल्या. गळ्यातल्या छिद्रातून श्वासाचा आवाज येतो, त्याची मला लाज वाटत होती. पण त्यांनी गाणं धरलं आणि तो आवाज त्यात बुडून गेला. मी ताटलीवर बोटांनी ताल धरला. शेजारच्या शांतम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि मान आमच्या गाण्यावर डोलतेय! नंतर त्यांनी सगळ्यांना चहा केला.

अक्का, ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवले. त्या गेल्यावरही खोली भरलेली वाटत होती. अशी मंडळी पाठीशी असली तर मी हे निभावून नेईन. दर महिन्याला यायचं ठरवून गेल्यात.

तूच तेवढी नव्हतीस. गुडघ्याचं खरं की आणखी काही? पेटीवाचून गाणं उघडंबोडकं वाटलं.

राग नसावा, असला तर कळवावा.
तुझी धाकटी,
एस्तेर


धाराशिव
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. एस्तेर हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्याचंच आहे. पण तू विचारलंस म्हणून लिहिते.

सप्टेंबर २०२० मध्ये तुझे दाजी करोनानं गेले. प्लॅस्टिकात गुंडाळलेले. कबरस्थानात मी, पाळकसाहेब आणि नगरपालिकेची माणसं. तेर तेव्हा प्रतिबंधित क्षेत्र, रस्ता बंद, म्हणून तूही न्हाय आलीस. तू फोनवरून गाणं म्हटलंस, मी अर्ध्यात फोन ठेवला, आठवतं? लाइन तुटली असं तुला सांगितलं होतं. तुटली नव्हती. दुसऱ्याच्या गळ्यातून येणारं सांत्वन मला तेव्हा नको होतं. मला माणूस हवा होता, चौकटीत उभा राहिलेला. बंदी उठल्यावर सगळे आपापल्या घाईत. आता काय जायचं, इतके दिवस झाले, असं म्हणून कुणी आलंच न्हाय. चार वर्षांत एका बाईनं माझ्या घरी लाडू आणला न्हाय.

तुझ्या दुःखाला टेम्पो आणि माझ्या दुःखाला पोलिसांची नाकेबंदी. तुझा दोष न्हाय, मला कळतं. लहानपणापासून असंच आहे. नाताळात तू गायचीस, लोक तुला उचलून घ्यायचे. पेटीचा भाता मारून माझा हात भरून यायचा, ते कुणी बघितलं न्हाय. आता आवाज गेला तरी लोक तुझ्याकडंच. मला आवाज आहे, तर माझ्याकडं बघून तुला आठवतात.

हे लिहून पाकिटात घालायला धीर लागला. फाडलं न्हाय एवढंच.

बायका पुढच्या भेटीचं विचारत होत्या. बघू म्हटलं.

जे उरलं असेल ते जपावं.
सलोमीअक्का


तेर
गुरुवार, ३ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र महिनाभर उशाशी आहे. दाजींच्या वेळी रस्ता उघडल्यावर तरी मी यायला हवं होतं. मी आले ती तीन महिन्यांनी, तेही नाताळच्या तयारीला, आणि तुझ्या घरी अर्धा तास बसले. माझी चूक आहे. माफी माग म्हणालीस तर मागते, न म्हणालीस तरी मागते.

पण आता एक विचारायचं आहे, आणि तुझ्याशिवाय विचारू कुणाला? बायका परत आल्या न्हाईत. सप्टेंबरात दर गुरुवारी मी खोली झाडून, सतरंजी टाकून बसले. टेम्पो न्हाय, चिठ्ठी न्हाय, यांच्या फोनवर साधा निरोप न्हाय. यांना पाटीवर लिहून म्हटलं, विचारून बघा. हे म्हणतात, की प्रेम मागून घेत नसतात.

अक्का, खरं सांग. त्यांना मी किळसवाणी वाटले का? गळ्यातून श्वास घेणारी बाई एकदा बघून झाली, पुरे, असं? की त्या आवाजाच्या होत्या आणि माझ्या कधीच नव्हत्या? तसं असेल तर देवाचंही तसंच असेल, असं मनात येतं. अकरा दिवस झाले, मी पवित्र शास्त्र उघडलं न्हाय, प्रार्थनेला बसले न्हाय. चाळीस वर्षांत असं कधी झालं न्हाय. यांना सांगितलेलं न्हाय, तुलाच लिहितेय. सकाळी गळ्यातली श्वासाची नळी काढून धुते, तेव्हा वाटतं, ही परत घालायची कशाला?

रागावली असलीस तरी उत्तर दे.
एस्तेर


धाराशिव
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

एस्तेर,

आशीर्वाद द्यायचं तोंड मला न्हाय, म्हणून तो मायना लिहीत न्हाय.

बायका यायला निघाल्या होत्या. मी थांबवल्या. एक सप्टेंबरच्या स्त्री-सभेत मी उभी राहून सांगितलं, की जंतुसंसर्गाची भीती आहे, डॉक्टरांनी नाताळपर्यंत कुणाला भेटू नका म्हटलंय, फोनही करू नका, उत्तर देता येत न्हाय म्हणून एस्तेर रडते. सख्खी बहीण सांगतेय म्हटल्यावर कोण खोटं धरणार? पाळकसाहेबांनाही हेच सांगितलं. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी म्हणाले.

मला एवढंच हवं होतं, की तुलाही थोडं कळावं, रिकाम्या घरात दाराकडं बघत बसणं कसं असतं. तू लिहिलंस, तसंच झालं. माझ्या मनासारखं झालं, आणि वाचून होताच मी फोन उचलला. तुझी माणसं कमी व्हावीत असं वाटलं होतं गं. तुझा देव तुझ्यापासून जावा, असं न्हाय. नळीचं तर स्वप्नातसुद्धा न्हाय.

हे पत्र तुला मिळायच्या आधीच अमोसरावांना फोन करून सगळं सांगितलंय आणि तुझ्यावर लक्ष ठेवा म्हटलंय. त्यांनी ऐकून घेतलं. फोन ठेवून दिला.

तुझ्या माफीची मी वाट बघणार न्हाय. नळी घालत जा, एवढंच मागते.
सलोमी


तेर
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का हिस,
सलाम.

चार आठवडे मी तुला लिहिलं न्हाय. राग आवरायचा म्हणून न्हाय. राग पुरा होऊ द्यायचा होता. तुझं पत्र वाचून मी ओरडायला तोंड उघडलं आणि गळ्यातून नुसती हवा फुसकन गेली. माणसाला ओरडताही येऊ नये, ही काय जिंदगी! मी देवावर, तुझ्यावर, सगळ्यांवर पाटी भरभरून लिहिलं आणि पुसलं. यांनी बघितलं, पण अडवलं न्हाय.

मग एका सकाळी शांतम्मा आल्या आणि म्हणाल्या, की त्या बायांचं गाणं मला आवडलं होतं, शिकव. मी गळ्याकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, ते दिसतंय मला, तू ताल धर, चाल मी हुडकते. मी ताटलीवर वाजवलं आणि त्यांनी एकेक चाल लावून बघितली. आमचं येशूचं गाणं बाईंनी आधी कानडी जात्यावरच्या ओवीसारखं म्हटलं, मग लग्नातल्या बँडसारखं. मी हसले. आवाजाशिवाय हसताना पोट दुखतं, ठाऊक आहे तुला? दोघी भिंतीला टेकून पडलो.

त्या गेल्यावर मी प्रार्थनेला बसले. मागायला काही सुचेना. नुसती बसले. आणि अक्का, मला पहिल्यांदा जाणवलं, की कुणीतरी ऐकतंय. इतकी वर्षं मी गायले, तेव्हा लोक ऐकत होते. देव ऐकतोय का, हे बघायला मला सवड नव्हती. त्या दिवसापासून रोज बसते. नळी घालते. घाबरू नकोस.

पण म्हणून तू केलंस ते चांगलं झालं, असं मनात आणू नकोस. खड्ड्यात पाणी लागलं म्हणून ढकलणाऱ्याचं पुण्य होत न्हाय.

आणि आता माझं ऐक. तू माझ्या जागी गायलीस, हे ऑगस्टातलं तुझं पत्र वाचून मला इतकं जळजळलं, की ते मी गादीखाली घातलं. यांना वाचायला दिलं न्हाय. धुरपदाबाईचं वाक्य मात्र चारदा वाचलं आणि खूश झाले. तुला लागलं असेल, हे कळत असूनही. तेव्हा एकाच आईच्या आहोत आपण.

माफी मी देईन, देतेय, पण मंडळीला तूच सांगायचं. मी सांगणार न्हाय.

एस्तेर


धाराशिव
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. एस्तेर हिस,
सलाम आणि, चालत असेल तर, आशीर्वाद. वि. वि.

काल उपासनेनंतर साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा उठले. साक्ष म्हणजे देवानं केलेलं चांगलं सांगायचं, आणि मी सांगितलं मी केलेलं वाईट. डॉक्टर न्हाय, जंतू न्हाय, मला बहिणीचा मत्सर वाटला, असं सरळ म्हटलं. पुढच्या सतरंजीवरच्या दोघीजणी उठून मागं जाऊन बसल्या. अजून माझ्याशी बोलत न्हाईत. त्यांचं बरोबर आहे.

मग धुरपदाबाई उठली आणि म्हणाली, की सलोमीनं दार लावलं, व्हय, पर आमी तरी कुठं ढकलून बघितलं? एस्तेरच्या गळ्याचं ते भोक बघून दोन दिस माज्या घशाखाली घास उतरला न्हाय. जाऊ नका म्हटल्यावर मला बरंच वाटलं हुतं. ती रडायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, की मी एक फोन करू शकत होतो, केला न्हाय. मी पेटी सोडते म्हटलं, तर ते म्हणाले, की सोडून सुटका करून घेऊ नका, वाजवा.

संध्याकाळी धुरपदाबाई माझ्या घरी आली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तुझ्या दाजींच्या फोटोसमोर बसली आणि त्यांचं कसं झालं, ते चार वर्षांनी पहिल्यांदा विचारलं. मी सांगत राहिले. भाकरी गार झाली.

वीस तारखेला मतदान आहे, म्हणून त्याच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार, अठ्ठावीस, ठरलाय. दोन टेम्पो होतील असं दिसतं. मी त्यात बसणार न्हाय. कुठल्या तोंडानं बसू? तुला सगळ्यांसमोर माझ्याकडं बघून हसावं लागेल, ते तुझ्यावर लादायचं न्हाय मला.

जेवढं देववेल तेवढंच दे.
तुझी,
सलोमीअक्का


तेर
शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

ती. सलोमीअक्का हिस,
एस्तेरचा सा. सलाम. वि. वि.

टेम्पोत बसू नकोस, बरोबर आहे. तू आदल्या दिवशी, बुधवारी दुपारच्या एसटीनं ये. एकटी. हे स्टँडवर घ्यायला येतील. ते अजून घुश्शात आहेत, बोलणार न्हाईत, पण पिशवी उचलतील.

माझा राग पुष्कळ शिल्लक आहे. तो पत्रात मावत न्हाय. मी पाटीवर लिहीन, तू वाचायचं, मी पुसून पुढचं लिहीन. अख्खी दुपार जाईल. रडायचं असेल तर तेही त्यातच उरकून घे. आणि दाजींचं जे धुरपदाबाईला सांगितलंस, ते मलाही पहिल्यापासून सांग. या खेपेला मी घड्याळ बघणार न्हाय.

मुक्कामाला राहा. गुरुवारी टेम्पो आले की दार तू उघडायचं.

तुझी धाकटी,
एस्तेर