दुसऱ्या उडीची कॅसेट

मी, हिरालाल दुलीचंद कटरे, वय वर्षे त्रेसष्ट, पूर्वीचा धंदा लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, राहणार बेहडाटोला, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया, आज गुरुवार, दिनांक ५ डिसेंबर २०१३ रोजी देवरी येथे वकिलांच्या ऑफिसात बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दबावाने किंवा सांगण्यावरून मी हे लिहीत नाही. सांगणाऱ्याचे ऐकायची सवय मला कधी नव्हतीच, हे सारे गाव जाणते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

येत्या सोमवारी, ९ तारखेला, नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. गुरुवारी, १२ तारखेला, आमच्या गावच्या बंद राईस मिलच्या छपरावरून संघदीप चंद्रशेखर शहारे हा तेवीस वर्षांचा मुलगा तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात उडी मारणार आहे. मी सोमवारी टेबलावरून उठलो नाही, तर त्याला अडवणारे कोणी उरत नाही. म्हणून हा कागद आहे. घर, शेत वगैरे त्यात ओघाने येईल.

कलम १. राहते घर, मागचे परस आणि तलावाखालची दोन एकर धानाची बांधी माझी पत्नी शामकला हिला. तिने ती ठेवावी, विकावी, बटईने द्यावी. कोणाला विचारू नये. तिच्या भावाला तर मुळीच विचारू नये. तिने माझ्यासोबत सदतीस वर्षे काढली, आणि त्यातली निम्मी मी लोकांच्या लग्नात काढली. गाव तिला बिचारी म्हणते. ती बिचारी नाही. माझ्या तोंडावर मला खोटारडा म्हणणारी ती एकटीच आहे. मी नेमका कशाबद्दल खोटा आहे हे तिला माहीत नव्हते, तरी तिचे बरोबर होते.

कलम २. पुतण्या गुड्डू याला माझी मोटारसायकल. स्टुडिओतले काहीही त्याला नाही. मी तिरोड्याला एका लग्नात अडकलो असताना त्याने माझे दोन मोठे लाईट परस्पर एका डीजेवाल्याला देऊन टाकले आणि वर मलाच शिकवले, “काका, आजकाल असले लाईट कोणी वापरते का?” कोणी वापरत नाही हे खरे, पण लाईट माझे होते. मोटारसायकलचे ब्रेक त्याने आधी दाखवून घ्यावेत.

कलम ३. आता मुख्य वस्तू. ‘बेहडाटोल्याचा शेर’ नावाचा व्हिडिओ सिनेमा, लांबी एक तास बावन्न मिनिटे, त्याच्या मूळ कॅसेट आणि त्यावरचा सगळा हक्क माझा आहे.

१९९९ च्या दिवाळीनंतर, धान कापून-चुरून झाल्यावर, आम्ही तो अठरा दिवसांत काढला. कॅमेरा लग्नाचा, जीप उसनी, मारामारीतले रक्त कुंकवाच्या पाण्याचे. खलनायक मी होतो, त्याला मेकअप लागला नाही. हिरो चंद्रशेखर शहारे, संघदीपचा बाप. तो देवरीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा, थंडीत नाटकात कामे करायचा, आणि माझ्यासारख्या तिरसट माणसाशी त्याने मैत्री का ठेवली हे मला शेवटपर्यंत कळले नाही. तो मला आवडायचा. इतका मोकळा हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सिनेमा व्हिडिओ पार्लरमध्ये चालला, केबलवर चालला, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, मैदानात पडदा बांधून चालला. “रस्ता सोड, नाही तर गाव सोड” हे त्यातले वाक्य लोक अजून ग्रामपंचायतीच्या भांडणात वापरतात. ते चंद्रशेखरने लिहिले होते. श्रेय मी घेतले.

पण सिनेमा टिकला तो एका उडीवर. मिलच्या छपरावरून, अठ्ठावीस फुटांवरून, शेर खाली झेप घेतो. कॅमेऱ्यातली तारीख बंद करायला मी विसरलो होतो, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात १२ डिसेंबर १९९९ असे दिसते. नव्या पोरांना ती माझी चूक म्हणजे स्टाईल वाटते. मोबाईलवर ती क्लिप फिरत असते, आणि दर बारा डिसेंबरला कोणी ना कोणी गोठ्यावरून तणसात उडी मारून फोटो काढतो.

संघदीप नागपूरला कॅमेऱ्याचे शिकून आला. त्याला हा सिनेमा नव्या पिढीसाठी पुन्हा काढायचा आहे. बापाचे काम तो स्वतः करणार. मागच्या महिन्यात तो परवानगी मागायला घरी आला, तेव्हा मी म्हटले, आता तर उड्या कम्प्युटरवर होतात.

“कम्प्युटरवर कायले करू, काका? बाबानं खरी मारली, मी बी खरीच मारीन. तेच मिल, तेच तारीख.”

“ढीग कोण रचणार?”

“गावातलेच लोकं. बाबाच्या वेळी रचला तसाच रचतीन.”

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि तो जाईपर्यंत बाहेर आलो नाही. तेव्हाच बोलायला पाहिजे होते.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाई म्हणतात, असे कलम मृत्युपत्रात नसते. असू द्या.

सिनेमात दिसते ती पहिली उडी. त्या दिवशी उड्या दोन झाल्या.

पहिल्या उडीला खाली बैलबंडीभर तणस नुसते सैल ओतलेले होते. चंद्रशेखर त्यात पडला, ढीग एका अंगाला कलंडला, आणि तो केसांतले तणस झटकत हसत उठला. मी कॅमेऱ्यात पाहिले तर कोपऱ्यात तारीख. मी म्हणालो, पुन्हा.

“तारीख दिसली त काय बिघडला?” चंद्रशेखर म्हणाला. “लोकं उडी पाहतीन का क्यालेंडर?”

मला राग आला. डायरेक्टर कोण, तू का मी, असे मी पंचवीस माणसांसमोर त्याला विचारले. तो पुन्हा शिडी चढू लागला.

बिसराम कुंभरे हा मिलचा हमाल ढीग पुन्हा उभा करत होता. मी त्याला ओरडून सांगितले, “आता पक्का रच, मघाशी कलंडला!” आमच्याकडे घरचे तणस रचताना मधोमध बांबू रोवतात आणि त्याच्याभोवती थर देतात, मग ढीग वाऱ्या-पावसात कलंडत नाही. पक्का रच म्हटल्यावर इथला कोणीही माणूस बांबूच शोधेल. बिसरामने शोधला. पण त्याने मला विचारलेसुद्धा.

“भाऊ, मधात बांबू टाकू का जी?”

“टाक ना! विचारून कायले राहिला? ऊन जाऊन राहिला!”

माझे डोळे बॅटरीच्या लाल दिव्यावर होते. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. बांबूवर तणसाचे थर चढले की बांबू दिसत नाही, पण असतो, हे मला शाळेत जाण्याआधीपासून माहीत आहे. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आले नाही. मला फक्त ऊन दिसत होते.

चंद्रशेखर त्या बांबूवर उतरला. याहून जास्त मी लिहिणार नाही. दवाखान्यात नेताना जीप आमगावच्या अलीकडे होती तेव्हा तो गेला. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते.

मी सगळ्यांना सांगितले की शूटिंग आटोपल्यावर तो माझी लूना घेऊन निघाला आणि वळणावर शेताच्या कुंपणाच्या बांबूवर पडला. मिलमालकाला पोलीस नको होते, त्याने मान डोलावली. तो आता हयात नाही. बाकीच्यांना मी आधीच घरी पिटाळले होते. दुसरी उडी बघायला मी, मालक आणि बिसराम एवढेच होतो, कारण मला गर्दीचा आवाज नको होता. राहिला बिसराम.

“तू बांबू टाकला कायले?” मी त्याला विचारले.

“भाऊ, मी तुले विचारलो ना.”

“नाही विचारला.”

“विचारलो जी. तू म्हणला, टाक.”

“नाही विचारला, बिसराम. तोंड उघडशील त जेलात तू जाशील.”

तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो गप्प झाला. मिल सोडून जंगलच्या कामाला लागला. मोहफुले वेचतो, तेंदूपत्त्याला जातो, पण तेव्हापासून त्याने कोणाच्या घरचे तणस रचलेले नाही. चार वर्षांपूर्वी चौकात चहा पिताना त्याने मला हळूच विचारले, “भाऊ, खरंच नाही विचारलो का जी मी?” मी म्हणालो, नाही. आणि चहा संपवला.

त्याने विचारले होते. कॅमेरा चालू होता. त्याचा प्रश्न आणि माझे उत्तर दोन्ही कॅसेटवर आहेत. सिनेमा जोडताना मी ते ऐकले. ती कॅसेट मी लोकांच्या लग्नांच्या कॅसेटखाली पेटीत पुरून ठेवली. जाळणे सोपे होते. पण जाळली तर बिसरामसारखे मलाही माझेच खोटे खरे वाटू लागेल, याची मला भीती वाटली.

कलम ५. वर सांगितलेली दुसऱ्या उडीची कॅसेट आणि ती चालवण्यासाठी माझा व्हीसीआर बिसराम कुंभरे याला. उडीपर्यंत जाऊ नये. त्याच्या आधी थांबवावी. त्याला ऐकायचे आहे ते तेवढ्यात येऊन जाते. बिसराम, तू विचारले होतेस. चूक माझी आहे, आणि तुला चौदा वर्षे ती तुझी वाटू दिली हे त्या चुकीहून वाईट आहे.

कलम ६. मेन रोडवरची माझी स्टुडिओची खोली श्रीमती प्रेमिला चंद्रशेखर शहारे हिला, शिलाईच्या कामासाठी. ती घरच्या ओसरीत मशीन चालवते आणि पावसाळ्यात कापड भिजते. दर वर्षी लाखोळीची डाळ झाली की ती आमच्याकडे पाठवते. मला भाऊजी म्हणते. तिने मला कधी दोष दिला नाही, लूना जुनी होती म्हणूनसुद्धा नाही. तिने पाठवलेली डाळ मी खातो आणि तिच्याकडे बघून बोलत नाही.

कलम ७. ~~‘बेहडाटोल्याचा शेर’चे सर्व हक्क संघदीप चंद्रशेखर शहारे याला, या अटीवर की राईस मिलवरची उडी कोणीही, कोणत्याही तारखेला, मारू नये.~~

कलम ७ मी खोडले आहे. कारण असे. वकील दुर्गेश्वरी रहांगडाले यांनी इथवरचा मजकूर वाचला, चष्मा काढला आणि मला विचारले, “काका, मृत्युपत्र कधी उघडते?”

मी म्हणालो, मेल्यावर.

“आणि तुम्ही सोमवारी गेलात तर बारा तारखेला घरात काय चालू असेल? रडणं. हा कागद ठेवलेलं माझं कपाट कोण उघडेल? आणि जगलात, तर बारा तारखेला तुम्ही दवाखान्यात नळ्या लावून पडलेले असाल. तो पोरगा आज जिवंत आहे. आज सांगा ना.”

मी म्हटले, तोंडातून निघत नाही. महिनाभर प्रयत्न करतो आहे. त्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो.

“मग वाचायला द्या,” त्या म्हणाल्या. “साक्षीदार म्हणून बोलवा. सहीआधी सगळं वाचायची अट घाला. पण एक ऐका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. दिलेलं रद्द होतं. सिनेमा त्याला मिळणार नाही.”

त्याच्या बापाचा चेहरा ज्यात आहे ती एकच वस्तू माझ्याकडे आहे, आणि ती त्याला देऊन मेलो असतो तर मला बरे वाटले असते. पण मला बरे वाटावे म्हणून मी पुष्कळ केले आहे.

कलम ७ (नवीन). ‘बेहडाटोल्याचा शेर’चे सर्व हक्क बिसराम कुंभरे याला. ज्याला तो सिनेमा पुन्हा काढायचा असेल त्याने बिसरामची परवानगी घ्यावी. ती मिळेल याची हमी मी देत नाही. कलम ५ मधली कॅसेट माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजच द्यावी. ती मी सोबत आणली आहे, टेबलावर आहे.

संघदीपला मी फोनवर खोटे सांगितले आहे, की ये, परवानगीच्या कागदावर सही करतो. तो अकरा वाजता येणार आहे. आता अकराला दहा कमी आहेत. बाई म्हणतात, थांबायचे असेल तर अजून थांबू शकता. खाली गाडी लागल्याचा आवाज आला. तो जिना धावत चढतो आहे, बापासारखाच.

वरील सर्व मजकूर मी माझ्या हाताने लिहिला आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. यातले एकही वाक्य सिनेमाचे नाही.

हिरालाल दुलीचंद कटरे (सही)
देवरी, जिल्हा गोंदिया
५ डिसेंबर २०१३, सकाळी ११ वाजून ५ मिनिटे

साक्षीदार:

१. भोजराज फुंडे, दस्तलेखक, देवरी. हिरालाल कटरे यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

२. संघदीप चंद्रशेखर शहारे, बेहडाटोला. (सही) वेळ १२ वाजून २० मिनिटे.

साक्षीदार क्रमांक २ याने स्वतःच्या हाताने लिहिलेला शेरा:

मी सगळे वाचले. दोनदा वाचले. हिरालाल कटरे यांनी माझ्यासमोर ही सही आपली म्हणून सांगितली. बारा तारखेची उडी मी मारणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला मारू देणार नाही. टेबलावरची कॅसेट घेऊन मी आता बिसरामकाकांकडे जातो.

आईला मी काही सांगणार नाही. वकीलबाईंनाही सांगू नका म्हटले आहे. काका, ते तुम्ही सोमवारच्या आधी स्वतः येऊन, तोंडाने सांगा. कागद पाठवू नका. ती घरीच आहे.