जोडीने तोंडी परीक्षा

४ मार्च, दुपारी १२.४०
पक्कं झालं. फ्रेंच विभागातल्या कारकुनांनी स्वतः फोनवर सांगितलं: फ्रान्सच्या विद्यापीठात एक वर्ष शिकायला जाण्यासाठी आमच्या वर्गातून बायकोची निवड झाली आहे. आडनाव सारखं असल्यामुळे गोंधळ होऊ शकतो, यादी नीट बघा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, काका, यादीत एकच नाव आहे आणि त्याच्यामागे सौ. लिहिलंय.
दुसरा काही मार्ग? म्हणाले, प्रतीक्षा यादी असते. एप्रिलच्या तोंडी परीक्षेत वीसपैकी बारा मिळवा, मग बघू.
बारा! मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्याच्या तक्रार कक्षात काढली. त्यातली नऊ प्रमुख म्हणून. तोंडी कामातच आयुष्य गेलं.
निर्णय: दोघांनीही जायचं. ती एकटी परदेशात काय करणार?

४ मार्च, संध्याकाळी
बायकोला बातमी दिली. तिला सकाळीच कळली होती. बोलली का नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, बोलत होते, तुम्ही पेपर वाचून दाखवत होता.

७ मार्च
नोंद असावी म्हणून लिहितो. फ्रेंचच्या पदवीला प्रवेश घ्यायचा ही कल्पना मूळ तिची. पण तिला एकटं वाटू नये म्हणून आठ दिवसांत मीही फॉर्म भरला. ते ऐकून ती दिवसभर गप्प होती. आनंदाने माणूस असा गप्प होतो.
वर्गातली मुलं तिला ताई म्हणतात आणि मला काका. हे नातं कसं बसवायचं, त्यांचं त्यांना माहीत. दोन वर्षांत तिचे मार्क वाढत गेले, कारण ती मागच्या बाकावर शांत बसते. मी पुढे बसून चर्चेचा भार उचलतो. मराठीतून उचलतो, पण विषय फ्रेंच संस्कृतीचाच असतो.

१२ मार्च
तोंडी परीक्षेची पद्धत अशी. विद्यार्थी जोडीने आत जातात. टेबलावर डबा असतो. त्यातली एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर लिहिलेला प्रसंग दोघांनी सहा मिनिटं फ्रेंचमध्ये बोलून वठवायचा. तयारीला वेळ नाही. मागच्या वर्षीची मंडळी सांगतात, चिठ्ठ्या त्याच त्याच असतात. हॉटेलात खोली घेणं, डॉक्टरकडे जाणं, बॅग हरवणं.
माझी योजना: हॉटेलचा प्रसंग दोन्ही बाजूंनी पाठ करायचा आणि दुसरं काहीही निघालं तरी संभाषण हॉटेलवर आणायचं. बॅग हरवली? हॉटेलात. पोट दुखतंय? हॉटेलच्या जेवणाने. तक्रार कक्षात आम्ही हेच करत असू. माणूस कशाबद्दलही बोलो, त्याला आपल्या छापील फॉर्मवर आणायचं.
जोडीदार अर्थात बायको.

१५ मार्च
तास संपल्यावर प्राध्यापक बाईंनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या मिसेसनी दुसरा जोडीदार मागितलाय, तुमची काही हरकत?
समजलो. माझ्यापुढे आपण फिक्या पडू, अशी तिला धास्ती. हरकत आहे, म्हणून सांगितलं. घरी येऊन तिला धीर दिला, की घाबरू नकोस, मी तुला सांभाळून घेईन. ती म्हणाली, तेच तर. चहा गाळत राहिली.

२० मार्च
ठराव: रोज सकाळी सहा ते आठ पाठांतर. कुठलीही सबब चालणार नाही.

२१ मार्च
सात ते आठ. हवा थंड होती.

२३ मार्च
नुसत्या घोकंपट्टीपेक्षा वातावरण महत्त्वाचं. फ्रेंच सिनेमा लावला, सबटायटल्स बंद करून. झोप चांगली लागली.

३० मार्च
बायकोबरोबर सराव. तिला हॉटेलच्या काउंटरवर बसवलं. मी खोली मागितली, तर ही बया भलतंच काही विचारायला लागली. म्हटलं, हे कागदावर नाही. ती म्हणाली, अहो, माणसं कागद बघून बोलत नाहीत, समोरच्याचं ऐकून बोलतात. म्हटलं, ऐकायचं तू मला शिकवू नकोस.
लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते, रविवारी सकाळी दहाला फोन करते. तिला हा किस्सा सांगितला. वाटलं, ती हसेल. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईला एक तरी वाक्य पुरं करू देता का? अर्थात देतो. पण ते कुठे जाऊन संपणार हे मला बहुतेक आधीच माहीत असतं. म्हणून वेळ वाचवतो.

१० एप्रिल, दुपारी ३
परीक्षा झाली. उत्तम.
चिठ्ठी बायकोने उचलली. मनात वाचली, बाईंना दाखवली. बाईंनी काहीतरी विचारलं, बहुतेक बदलायची का, असं. तिने मानेनेच नको म्हटलं. बाईंनी ती मोठ्यांदा वाचली, पण मी तेव्हा माझं पहिलं वाक्य घोळवत होतो.
सुरुवात तिने केली. आणि बोलली ती बोललीच. दीड-दोन मिनिटं, एकदाही न अडखळता. इतकं सलग बोलताना मी तिला तीस वर्षांत प्रथमच ऐकलं. अर्थ लागला नाही. पण सूर तक्रारीचा नव्हता. तक्रारीचा सूर मी दारातून ओळखतो. मध्येच बाईंनी चष्मा काढून पुसला.
मग ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझी पाळी. मी हसलो आणि स्पष्ट उच्चारात म्हणालो: अतिशय छान. सकाळचा नाश्ता यातच धरलेला आहे का?
ती हसायला लागली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. बाईंनी सहा मिनिटं व्हायच्या आतच आमचे आभार मानले. लवकर सोडतात म्हणजे समाधान झालेलं असतं.
अंदाज: चौदा. वाईटात वाईट, तेरा.

२६ एप्रिल
बायकोला एकोणीस. मला तीन.
टायपिंगची चूक. तेराचे तीन झाले असणार. कारकुनांना म्हटलं. ते म्हणाले, काका, अक्षरीही लिहिलंय.
पुनर्तपासणीचा अर्ज दिला. प्रत्येक जोडीचं रेकॉर्डिंग होतं आणि अर्जदाराला त्याची प्रत मिळते, असा नियम आहे. वाटेत बाई भेटल्या. विचारलं, ती नक्की काय बोलली? म्हणाल्या, ते त्यांनाच विचारा ना. दोन पावलं गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, नाहीतर रेकॉर्डिंग ऐका. पण सावकाश ऐका.

५ मे
रेकॉर्डिंग मिळालं. शब्दकोश आणि कोरी वही घेऊन बसायचं. रोज अर्धं मिनिट. चार दिवसांत काम फत्ते.

९ मे
एक वाक्य झालं: ऐक, मला तुला काही सांगायचंय.
फ्रेंचमध्ये तिने मला अरे-तुरे केलंय. घरात जन्मभर अहो-जाहो. ऐकून बरं वाटलं. पुन्हा पुन्हा लावून ऐकलं.

२२ मे
शाळेच्या लायब्ररीतल्या नोकरीचा तिने राजीनामा दिला. वर्षभराची रजा सहज मिळाली असती. म्हटलं, परत आल्यावर काय करशील? म्हणाली, बघू. व्यवहार कळत नाही तिला. मीच मुख्याध्यापकांशी बोलतो म्हटलं. तिने हात जोडले.

२ जून
अगदी सुरुवातीला, बाई चिठ्ठी वाचतात ते आज लागलं. प्रसंग असा: एक जण घर सोडून चालला आहे, तो दुसऱ्याला तसं सांगतो.
म्हणजे अभिनय होता. तरीच!

२० जून
सगळं लागलं. एक महिना पंधरा दिवस. स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवतो.
*ऐक, मला तुला काही सांगायचंय. मी वर्षभरासाठी चाललेय, असं तुला वाटतंय. मी या घरात परत येणार नाही. तू वाईट माणूस नाहीस. कधी आवाज चढवला नाहीस. पण माझं प्रत्येक वाक्य तूच संपवलंस, आणि मग ते माझं राहिलं नाही. तुला येत नाही अशी एक भाषा मला हवी होती. तर तू तिथेही येऊन पुढच्या बाकावर बसलास. आज मी शेवटपर्यंत बोलणार आहे, कारण आज तुला मध्ये बोलता येणार नाही. यातलं काही तुला कळलं, तर मला थांबव.*
शेरा: भाषा सोपी, मांडणी नेटकी. एकोणीस योग्यच. चिठ्ठीतल्या पात्राच्या मनात ती चांगली शिरली आहे.

२१ जून
पुढच्या बाकाचं पात्राला कुठून कळलं, एवढंच कोडं आहे.

३ जुलै
आज जेवताना मुद्दाम काही बोललो नाही. ती म्हणाली, बरं वाटत नाहीये का?

१९ जुलै
पुनर्तपासणी झाली. तीन कायम. कारकुनांनी प्रतीक्षा यादीचं काही काढलं नाही, मीही काढलं नाही. खुर्ची पुढे करून म्हणाले, बसा काका, पाणी घ्या. असं मी किती लोकांना म्हटलं असेल.

१४ ऑगस्ट, सकाळी ११
ती बॅग भरत होती. हिवाळ्याचे कपडे, सगळी पुस्तकं, तिच्या आईचा फोटो. वर्षभरासाठी फोटो कशाला, म्हणणार होतो.
तिने वर न बघता विचारलं, रेकॉर्डिंग कुठवर आलं? म्हटलं, संपलं. कधी? म्हटलं, जूनमध्येच. ती पलंगाच्या कडेवर बसली. हातातला स्वेटर तसाच. मग म्हणाली, आता बोला ना काहीतरी. मी म्हटलं, नको, तू बोल. म्हणाली, माझं सांगून झालंय हो. चार महिने झाले.
रागावलेली नव्हती. तेवढं मला कळतं.

१४ ऑगस्ट, दुपारी ४
टॅक्सी शनिवारी दुपारी दोनला येईल. विमानतळावर येऊ का, विचारलं. उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. नको म्हणाली.
लेकीला अजून काही माहीत नाही. आई वर्षाने परत येणार, असंच ती धरून चालली आहे. बायको म्हणाली, तिला तुम्ही सांगा, मी प्रवासात असेन. म्हटलं, सांगतो.
रविवारी दहाला फोन येईल. मी वहीतलं वाचून दाखवीन, जसंच्या तसं. ती मध्ये बोलणार नाही, त्या बाबतीत ती आईवर गेली आहे. शेवटपर्यंत ऐकेल. आणि मग विचारेल, आई हे सगळं बोलली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, बाबा?