पट्टीचं टोक

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. मुलाचं नवं घर झकास आहे. तिसरा मजला, उजेड भरपूर, आणि स्वयंपाकघरात आमची सूनबाई पाहुणीसारखी वावरते. हे शेवटचं तिनं लिहिलं की गाळलं ते मला कळायचं नाही, कारण माझी नि अक्षरांची कधी ओळखच झाली नाही. मी सांगते, ती लिहिते. मुलगा कामासाठी फिरतीवर गेलाय. जाताना म्हणाला, आई, रोजचं सांगत जा, आल्यावर बसून वाचीन. बायकोचं गाऱ्हाणं बायकोच्याच हातून लिहून घेणारी सासू दुसरी कुठे सापडायची नाही.

सून मात्र भारी इमानदार. मी मध्येच पंखा कमी कर म्हटलं तरी तेही लिहून ठेवते. पंखा कमी कर गं. बघा, पेन हललं.

प्रवासात बसून बसून पोटरीवर गळू आलंय. सून म्हणते, आई, दाखवून येऊ. मी म्हटलं, गळवाला काय दाखवायचं, पिकलं की ते स्वतःच तोंड काढून बघेल.

मंगळवार, ५ तारीख

सकाळी अंग तापलं, तेव्हा सुनेपुढे माझं काही चाललं नाही. मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात गेलो. मला वाटलं होतं रडारड, धावपळ असेल. तसं काही नाही. काचेची दारं आपोआप उघडतात, फरशी इतकी स्वच्छ की चपला घालायची लाज वाटावी. आत शिरल्याबरोबर सिस्टरनं दंडाला पट्टा आवळला, बोटाला चिमटा लावला, ताप पाहिला. कधीपासून आहे, कुठली औषधं चालू आहेत, कुठल्या औषधानं अंगावर काही उठतं का, सगळं नीट विचारलं. माझ्या लग्नात सासरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

मग म्हणाली, आजी, दहापैकी किती दुखतंय?

मी म्हटलं, एक लिहा. तीन बाळंतपणं काढलेल्या बाईला गळवाचं काय कौतुक.

सिस्टर हसली, सून हसली, मीही खूश झाले. सिस्टरनं मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि समजावून सांगितलं. इथे आधी आला त्याचा आधी नंबर, असं नसतं. ज्याचं जास्त, तो आधी. लाल पट्टीवाला थेट आत, पिवळा डॉक्टरांच्या खोलीकडे, हिरव्यानं बसून राहायचं. म्हणजे मी नापास.

खुर्च्यांचं रेक्झिन चिकट होतं. उठताना कातडी सोलल्यासारखा आवाज येई. शेजारी एक शिंपीदादा, मानेवर गळू, कानामागे निळा खडू, गालात लवंग. त्यांनी दहापैकी दोन सांगितले होते. म्हणजे माझ्याहून हुशार, तरी हिरवेच. लवंगेचा वास मला मुळीच सोसत नाही, पण माणूस गमतीदार.

हिरव्या पट्टीवाल्यांना डॉक्टर दिसत नाहीत. बोळाच्या टोकाला पडदा आहे, त्यामागे ड्रेसिंग करणारा बसतो. मी त्याचं नाव पट्टीवाला ठेवलं. जिभेवर साखर घोळवल्यासारखा बोलतो. त्यानं गळू फोडलं. आतून जे आलं ते सांगू की नको? सून म्हणते नको. तर सांगते. घट्ट, पिवळं, वर रक्ताची नक्षी, आणि वास असा की उंदीर कपाटामागे मेल्यावर आठवड्यानं येतो तसा. मग त्या भोकात त्यानं चिमट्यानं कापसाची लांब पट्टी कोंबली. जखम आतून भरत यावी म्हणून अशी भरतात म्हणे. रोज यायचं, जुनी काढायची, नवी भरायची. पट्टीचं एक टोक बाहेर ठेवलं आणि बजावलं, हे घरी ओढायचं नाही.

दुखलं मात्र अजिबात नाही.

बुधवार, ६ तारीख

आज पट्टी काढली. काल आत गेली तेव्हा मी डोळे उघडे ठेवले होते, वीतभर असेल. आज निघायला लागली ती निघतच राहिली. ट्रे भरला. पट्टीवाला एका लाकडी रिळावर गुंडाळत होता, पतंगाचा मांजा गुंडाळावा तशी. पांढरी नव्हती. राखी-गुलाबी, बुळबुळीत, आणि ऊन. वाफ येत होती. मी विचारलं, एवढी आली कुठून? म्हणाला, आजी, शरीर तयार करतं.

नवी पट्टी त्यानं दुसऱ्या स्टीलच्या भांड्यातून काढली. तीही ओली. नवी असून ओली कशी, तर म्हणे औषध आहे.

घरी आल्यावर तोंडात लवंगेची चव. तीनदा चूळ भरली, जाईना. सून म्हणते, आई, तुमच्या तोंडाला चव आली हेच नवल. शिकतेय हळूहळू.

शुक्रवार, ८ तारीख

शिंपीदादांच्या शर्टाची कॉलर इतकी सैल झाली होती की त्यात दोन माना मावल्या असत्या. मी चिडवलं, लोकांची मापं घेता आणि स्वतः दुसऱ्याचा शर्ट घालता? ते हसले, पण उशिरानं, कुणी मागून खूण केल्यासारखे. त्यांच्या कानामागे खडू टिकत नव्हता, सारखा घरंगळत होता. दुकान कुठे तुमचं, विचारलं, तर मलाच विचारलं, कसलं दुकान?

त्यांचा नंबर माझ्या आधी. आज पडदा पुरता ओढलेला नव्हता. त्यांच्या मानेतून निघालेली पट्टी पट्टीवाल्यानं स्टीलच्या भांड्यात गोळा केली. ते बाहेर पडले, मी आत गेले. भांडं तेच. ती चिमट्यात उचलली, माझ्या पोटरीत भरायला लागला, तेव्हा मला पट्टीवर निळ्या खडूचा कण दिसला. लवंगेचा वास सुटला. मी तिथेच ओकले. सुनेनं माझं कपाळ धरलं. पट्टीवाल्याचा हात थांबला नाही.

दुपारी सून कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, खांद्यात दोन बोटं सैल आहे तुझं पोलकं, उसवून आत घे. ती हसली. मला हसू आलं नाही. मी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही.

शनिवार, ९ तारीख

सिस्टरला म्हटलं, आज दहा लिही. तिनं विचारलं, आजी, दुखतंय का? आता खोटं कसं बोलायचं, दुखतच नाही. तेच तर भयंकर आहे. ती हसून म्हणाली, पहिल्या दिवशी तर एक म्हणालात. समोरून लाल पट्टीचा माणूस ढकलगाडीवर गेला, विव्हळत, रक्तानं माखलेला. मला त्याचा हेवा वाटला. शी.

शिंपीदादांच्या खुर्चीवर त्यांचा शर्ट होता. माणूस नव्हता. पण शर्ट रिकामाही नव्हता. आत काहीतरी पातळ, ओलं, सपाट पसरलं होतं, गळ्यातून थोडं बाहेर आलेलं. पट्टीवाल्यानं दोन बोटांनी उचललं, मोरीतून पायपुसणं उचलावं तसं, आणि नेलं. खुर्चीखाली खडू राहिला. सून तेव्हा औषधांच्या रांगेत होती, तिनं पाहिलं नाही. सांगितलं तर म्हणाली, आई, ताप आहे तुम्हाला.

तापाला शर्ट कसा दिसेल गं. लिही ते.

उद्यापासून जायचं नाही.

रविवार, १० तारीख

गेलो नाही. सकाळी हात धुताना बोटातली अंगठी आपोआप गळाली. साबण लावूनही कधी निघाली नव्हती, ह्यांनी घातल्यापासून.

मग पांघरूण काढलं. ड्रेसिंग सुटलेलं. भोकातून पट्टी स्वतःच बाहेर येत होती, चादरीवर वेटोळं करून पडली होती, ओली, ऊन, आतड्यासारखी. हात लावला तर नाडी लागली. माझीच.

सूनबाईचं तोंड पांढरं पडलं, पण पळाली नाही पोर. कात्री आणली. कचकन कापलं. घाईत स्वतःचं बोटही कापून घेतलं. ते तुटकं टोक तिच्या बोटाच्या चिरेला चिकटलं, ओढून सोडवावं लागलं.

पाय दुखला नाही. पण त्या क्षणी माझ्या धाकटीचं नाव गेलं. माझ्या पोटच्या मुलीचं. सुनेनं सांगितलं, ऐकलं, पुन्हा गेलं. तू लिहून ठेव गं. मला वाचता यायचं नाही, तरी लिहून ठेव.

सोमवार, ११ तारीख

जावं लागलं. मला उभं राहवेना. सुनेचं बोट सुजलंय, टोमॅटोसारखं ताणलंय. दुसरा दवाखाना म्हटलं तर टॅक्सीवाल्यानं हिरवी पट्टी बघून इथेच आणून सोडलं. ती मनगटावरून निघत नाही, कात्री घसरते.

वाटेत तिला बजावलं. माझं जाऊ दे. मी पिकलं पान. तू मात्र दहा सांग. रड, ओरड, लोळण घे, पण दहा सांग, डॉक्टर मिळेल. माझ्यासारखी शहाणी होऊ नको. हो आई, म्हणाली.

सिस्टरनं विचारलं. सून माझ्याकडे वळून हसली. मग म्हणाली, एक लिहा. तीन बाळंतपणं काढलेल्या बाईला बोटाचं काय कौतुक.

तिला मूल नाही. अजून एकही नाही.

सिस्टर हसली. तशीच, पहिल्या दिवसासारखी. हिरवी पट्टी बांधली.

पडद्यामागे आधी मी. निघालं ते रिळावर मावलं नाही. मग तिचं बोट. भांडं तेच. मी ओरडले, पण आवाज पातळ — कपडा फडफडल्यासारखा —

मंगळवार, १२ तारीख

पडून आहे. उशी वर आलीय की मी खाली गेलेय, कळत नाही. चादरीखाली माझा उंचवटाच दिसत नाही.

सून पोटरी खाजवते. तिच्या पोटरीला काही झालेलं नाही. पंखा कमी केला तिनं, मी सांगितलं नव्हतं.

पेन चाललंय. मी अजून बोललेही नव्हते — हे वाक्य — आधीच —

शी, हा वास. माझाच.

बाळा, तू हे वाचशील तेव्हा — हिला उचलून घेऊन जा. दूर, हिरवी पट्टी झाकून. ती एक म्हणेल, तिचं ऐकू नको. तूच दहा सांग. तिच्या वतीनं ओरड. आणि ती माझ्यासारखी हसली, की —

बोटातून टोक बाहेर आलंय. तिनं पाहिलंय.

सूनबाई, इकडे बघ. ते झाक. फडकं गुंडाळ.

एका हातात पेन आहे म्हणून ती — दातांत धरलंय टोक —

सोड. थुंक ते. ओढू नको गं. लिहिणं थांबव आणि ऐक — ओढू नको, त्यात मी —